हवेचा आकडा सात

२४ जानेवारी, बुधवार. पहाटे ५:४०
स्टुलावर उभा राहून, टॉर्च दातात धरून, मधल्या खोलीच्या खिडकीला रबरी पट्टी लावत होतो. आत्ताच खाली उतरलो. काम उत्तम.
न्हानताई काल बाळाला घेऊन माहेरी आली. मुलगी सहा दिवसांची. दृष्ट लागू नये म्हणून तिला कुन म्हणायचं, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. तिने माझं बोट धरलं. बराच वेळ सोडलं नाही.
विन्ह शहरात घरोघरी फ्लू आहे. आमच्या ॲल्युमिनियम-काचेच्या दुकानातले दोघे आडवे झालेत. मी नववीपर्यंतच शिकलो, पण एक समजतं. विषाणूला आत यायला फट लागते, आणि फट बुजवणं हा माझा धंदा आहे. मालक स्वतः म्हणतो, खोयने बसवलेल्या खिडकीतून मुंगीचा श्वासही जाणार नाही.
हवेतली धूळ मोजायचं मीटर मागवलं होतं, ते आलं. रस्त्यावर ११८. खोलीत ९६. संकल्प: फेब्रुवारीत आमचं नवं वर्ष लागायच्या आत खोलीचा आकडा दहाच्या खाली आणायचा. कुनला साधी शिंकसुद्धा येता कामा नये.

२५ जानेवारी. दुपार.
आईने ताईच्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली. बाळंतिणीला महिनाभर शेक हवा म्हणे. मीटर ३४० वर गेलं, लाल झालं, किंचाळू लागलं. मी शेगडी उचलली आणि अंगणात फेकली. एक निखारा माझ्याच पायावर पडला. आईने चिमट्याने खांद्यावर दोन ठेवून दिले. मी शास्त्र समजावलं. ती म्हणाली, तुम्हा दोघांना मी शेगडीवरच वाढवलं, तुझं डोकं तेव्हा जरा जास्तच शेकलं गेलं असेल. तिने तिसरा दिला.
संध्याकाळी तोडगा निघाला, माझाच. कोळसे बाहेर पेटवायचे, धूर पूर्ण जाऊ द्यायचा, लालबुंद झाले की मगच आत आणायचे. आकडा ४१. मीटर गप्प.

२७ जानेवारी.
शेजारच्या थुई काकू डुकराच्या पायाचं सूप घेऊन आल्या, ताईला दूध यावं म्हणून. दारातच शिंकल्या. मी नम्रपणे दार अडवलं. त्या म्हणाल्या, तुझी नाळ मी कापलीय रे, मला अडवतोस? मी म्हणालो, तेव्हा फ्लू नव्हता. त्यांनी पातेल्याने ढकललं, मी दाराच्या फळीने ढकललं. सूप माझ्या छातीवर. पातेल्याचं झाकण माझ्या कपाळावर, तीनदा. टाके पडले नाहीत, पण पडू शकले असते.
काकूंना घरात प्रवेश बंद. हे मी आतून कडी लावून जाहीर केलं.

२८ जानेवारी, रविवार.
चौकोनी पंख्याच्या चारही बाजूंना फिल्टर लावून चिकटपट्टीने यंत्र बनवलं. वीस मिनिटांत आकडा १४. डोळ्यांत पाणी आलं.
तोआन भाऊजी मालट्रक घेऊन आले. बायको-मुलीला बघायला आत गेले आणि पंखा बघून त्यांचा चेहराच बदलला. ओल्या बाळंतिणीवर वारा सोडतोस? आत्ता वारं अंगात शिरलं की म्हातारपणी हाडं दुखतात, हे तुला कुणी शिकवलं नाही? मी म्हणालो, हा गाळलेला वारा आहे. त्यांनी यंत्र अंगणात नेऊन लाथांनी चपटं केलं. मी फिल्टर वाचवायला गेलो तर दोन लाथा मलाही पडल्या. अंधारात चुकून पडल्या असाव्यात. (दुपारचे तीन वाजले होते.)
पण यातून चांगलंच झालं. आई, भाऊजी, सगळ्यांना वाऱ्याची फट नको आहे. मलाही नको आहे. जन्मात पहिल्यांदा आई आणि मी एका बाजूला आलो.

३१ जानेवारी.
युद्ध शिस्तीने चालू. खिडकीला आठ मिलिमीटरची कडक काच बसवली, दुकानातून उधारीवर. दारावरची झरोक्याची जाळी सिलिकॉनने बंद. कुलपाचं भोक साबणाने बंद. दार उघडायचं वेळापत्रक भिंतीवर लावलं: दिवसातून सहा वेळा. आई शेगडी बदलायला त्याच वेळी जाते. ती म्हणाली, छान झालं, आता कोळसेही कमी लागतात.
आकडा ९. हिरवा.
ताई म्हणते डोकं जड वाटतं, मळमळतं. लक्षणं स्पष्ट आहेत: फ्लू कुठूनतरी शिरतोय. उंबऱ्याखाली ओला टॉवेल दाबला.

१ फेब्रुवारी.
वेळापत्रकाप्रमाणे पंधरा मिनिटं आत बसलो. माझंही डोकं दुखलं. म्हणजे विषाणूचा हल्ला जोराचा आहे. टॉवेल दोन केले. ताई म्हणाली, खोय, जरा दार उघडं ठेव ना. मी म्हणालो, ताई, कुनसाठी सहन कर. ती म्हणाली, बरं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार. चुलीच्या देवाचा दिवस.
आज देव वर स्वर्गात जातो, म्हणून अख्ख्या गल्लीने त्याच्यासाठी कागदी कपडे, कागदी टोप्या आणि कागदी नोटा जाळायला काढल्या. रस्त्यावर आकडा ४१२. मी घरोघरी विनंती केली. कुणी हसलं, कुणी चहा पाजला. थुई काकूंनी मात्र त्यांचा कागद जाळायचा डबा नेमका आमच्या खिडकीसमोर पेटवला. मी बादलीभर पाणी ओतलं.
काकूंच्या दुसऱ्या हातात नदीत सोडायचा मासा होता, देवाला घेऊन वर जाणारा. त्याच माशाने त्यांनी मला मारलं. आधी डाव्या कानावर, मग उजव्या. मासा जिवंत होता, त्यामुळे फटका कुठे बसेल याचा अंदाज येत नाही. काकू दर फटक्याला म्हणत होत्या, देवाची वाट विझवतोस? मासा अर्धा किलोचा असावा. तो वाचला, मी पाहिलं.
थंडी वाढली. पारा नऊवर. आईने शेगडी दुप्पट भरली. मी टॉवेल तीन केले.

३ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९
आकडा ७. आजवरचा विक्रम. ताईचे गाल गुलाबी दिसतायत. कुन पहाटेपासून एकदाही रडली नाही. किती शांत बाळ. स्वच्छ हवेचा परिणाम.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ. दवाखान्यातला बाक.
उजव्या हाताला काच लागलीय, डाव्या हाताने लिहितोय, अक्षराबद्दल माफी.
साडेअकराला भाऊजी आले. आई बाजारात. मी वेळापत्रक दाखवलं: दार बाराला उघडेल. ते म्हणाले, तिला हाक मार. मी मारली. उत्तर नाही. मी म्हणालो, झोपलीय, आकडा सात आहे. त्यांनी दार ठोठावलं. पुन्हा ठोठावलं. मग दाराला खांदा दिला. आतून कडी होती आणि दार मी बसवलेलं, हललं नाही. ते स्वयंपाकघरातून दगडी बत्ता घेऊन खिडकीपाशी आले.
माझी काच चार घाव टिकली. हे मी अभिमानाने लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो. तिसऱ्या घावाला मी त्यांची कंबर धरली. बाहेरची हवा आत जाईल, असं मी ओरडत होतो. त्यांनी कोपर मागे मारलं, माझ्या तोंडावर. चौथ्या घावाला काच गेली. ते फुटक्या काचेतून आत शिरले. दंड चिरला गेला, त्यांना कळलंही नाही. कडी काढून ताईला दंडाला धरून फरफटत बाहेर आणलं. तिची मान एका बाजूला लोंबत होती.
कुनला मी काढलं. कापड गरम होतं, ती नव्हती हलत.
थुई काकू भिंतीवरून उडी मारून आल्या, बासष्ट वर्षांच्या. त्यांनी बाळ माझ्या हातातून हिसकावलं, मला पोटात गुडघा मारला आणि पावसात उभ्या राहून कुनच्या तोंडावर तोंड ठेवून फुंकू लागल्या. त्यांना अजून सर्दी आहे. मास्क, असं म्हणायला मी तोंड उघडलं तर दात बाहेर पडला.
अकरावी फुंकर. मी मोजत होतो. मग कुन रडली. बारीक, मांजरीसारखं.
आई पिशव्या टाकून धावत आली. काय झालं ते बघून तिने आधी स्वतःच्या थोबाडीत मारली, मग माझ्या. मग परत स्वतःच्या.

६ फेब्रुवारी, मंगळवार.
दोघी जिवंत. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर उपयोग नव्हता. निखाऱ्याच्या गॅसला धूर नसतो, वास नसतो, रंग नसतो. तुमचं मीटर धूळ मोजतं, तो गॅस मोजत नाही. मग त्यांनी विचारलं, खोली कुणी बंद केली? मी म्हणालो, शेगडी आईची होती. हे खरं आहे. तरी आई माझ्याकडे बघत राहिली, तेव्हा मी म्हणालो, खोली मी बंद केली.
फ्लूपासून घरी काय काळजी घ्यायची, हेही मी विचारलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. एकच ओळ: खिडकी उघडी ठेवा.
ताई आणि कुन आज दवाखान्यातून थेट भाऊजींच्या घरी गेल्या. भाऊजी जाताना एवढंच म्हणाले, त्या जिवंत आहेत म्हणून तू आहेस. मी कुनला धरायला बोट पुढे केलं, तर ताईने तिच्यावर शाल ओढून घेतली.
मला काल रात्रीपासून ताप आहे. १०२. तपासणी झाली: फ्लू. घरात फक्त मला. मधल्या खोलीत एकटा पडलोय. फुटक्या खिडकीतून वारा येतोय. मी प्लास्टिक लावलं होतं, ते आईने फाडून टाकलं. थुई काकू खिडकीतूनच भाताची पेज देऊन गेल्या आणि म्हणाल्या, गीळ, मग तुला परत मारायचंय.
हिशेब असा.
खर्च: मीटर, रबरी पट्टी, सिलिकॉन, पंखा, फिल्टर मिळून १७ लाख ७५ हजार डोंग, म्हणजे माझी साधारण आठवड्याची मजुरी.
देणं: मालक, काच, २२ लाख.
तोआन भाऊजी, दवाखाना, ६४ लाख. त्यांनी मागितले नाहीत.
थुई काकू, कागद आणि मासा, १ लाख ६० हजार. त्या म्हणाल्या, मासा सोडून दे.
न्हानताई: तीनदा फोन केला. उचलत नाही. रकाना कोरा ठेवतो.