कोरडा निघालेला फोम

मी, नावा बांधणारा, धक्क्यावर ज्याला सगळे मिस्त्री म्हणतात, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने हे लिहून ठेवतो.

राहते घर आणि नावांचा कारखाना, हत्यारांसकट, माझ्यामागे माझ्या सुनेचा. कोणी नाक मुरडू नये म्हणून कारणही लिहितो.

शेवटची नाव माझ्या मुलाने बांधली. तळाच्या पोकळीत थर्मोकोल कोंबावा, असे माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे. "फळीखाली कोण बघतंय?" मुलगा म्हणाला, "काका, पेट्रोल झिरपलं की तो विरघळतो. नाव पाण्याने भरली तरी तरंगली पाहिजे." त्याने पाणी न शोषणाऱ्या जाड फोमच्या शीट आणून स्वतः कापून बसवल्या. मी त्याची बाजू घेतली. भाऊ भागीदारी मोडून गेला.

पुढे मुलगा त्याच नावेवर समुद्रात असताना वादळात ती पाण्याने भरली. वाचलेल्या खलाशाने घरी येऊन सांगितले, "दादाने मला नावेला धरून राहायला लावलं. म्हणाला, ही बुडत नाही, सोडू नकोस. आणि नाव हाकणारा आमचा तांडेल वाहून चालला होता, त्याच्यामागे पोहत गेला." दोघेही परतले नाहीत.

सांत्वनाला आलेल्या माणसांसमोर भाऊ बोलला, "पोराचा फोम पाणी प्यायला असणार." नाव ओढून कारखान्यात आणली होती; सुनेने दुसऱ्या दिवशी करवत उचलली. "बाबा, कापून बघू या. मला कळलं पाहिजे." एकेक तुकडा कोरडा निघाला. एक गालाला लावून ती तेव्हा पहिल्यांदा रडली. कोरडा निघाला तर बरे वाटेल, असे मला वाटले होते. वाटले नाही. नाव तरंगतच होती. त्याने तिथे राहायचे होते.

भावाला मिळकतीतले काही नाही. त्या कोरड्या फोमचा एक तुकडा त्याच्या घरी पोचवावा. बोलू काही नये.

उरलेल्या शीट नावेतल्या बर्फाच्या कप्प्याला आतून लावाव्यात, बर्फ जास्त टिकतो. नाव सुनेने दुरुस्त केली आहे. विकायची की ठेवायची, ते तिने ठरवावे.

तिने पुन्हा लग्न केले तरी वरील सर्व तिचेच राहील. त्या दिवशी कोणी तिला माझ्या मुलाची आठवण करून देऊ नये. ती तिला असेलच.

वाचून, समजून सही केली : मिस्त्री
आमच्यादेखत सही झाली : १. घरचे डॉक्टर २. शेजारचे सुतार
ठिकाण : राहते घर
दिनांक : १४ नोव्हेंबर