न दिसलेल्या ज्वाळेबाबत

मी, खाली सही करणारी, वय बासष्ट, डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी केलेली, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. परवा हृदयाची शस्त्रक्रिया, म्हणून घाई.

१. हे दोन खोल्यांचं घर व त्यातलं सगळं सामान माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावं. मागच्या खोलीचं छत गळतं. आधी ते दुरुस्त करावं, रंगाचं नंतर बघावं. तिचं नेहमी उलटं असतं.

२. माझा हायड्रोमीटर, म्हणजे अल्कोहोलची तीव्रता मोजायची काचेची तरंगती नळी, प्रयोगशाळेत माझ्या जागी आलेल्या बाईंना द्यावा. त्या वरून वाकून आकडा वाचतात. बाई, डोळा द्रवाच्या रेषेत आणा, आणि तापमान बघितल्याशिवाय आकडा लिहू नका.

३. माझे थोरले दीर, डिस्टिलरीचे निवृत्त व्यवस्थापक, यांना मी काहीही देत नाही. कारण पुढच्या कलमात.

४. कपाटातलं निळ्या पुठ्ठ्याचं, माझ्या प्रयोगशाळेतल्या नोंदींचं रजिस्टर फक्त मुलीच्याच हाती द्यावं. काल भाऊजी तेच मागायला आले होते. "जुनी रद्दी कशाला जपतेस?" म्हणाले.

पोरी, ती रद्दी नाही. तुझे बाबा तिथे पाळीप्रमुख होते. साखर कारखान्यातून येणाऱ्या मळीत यीस्ट घालून आंबवलं की आठ-नऊ टक्के अल्कोहोल तयार होतं. उंच स्तंभात उकळून ते पंचाण्णव टक्क्यांपर्यंत नेता येतं. उरलेलं पाणी नुसतं उकळून सुटत नाही. बारीक छिद्रांच्या खड्यांनी भरलेल्या टाकीतून ते काढतात, तेव्हा कुठे पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगं इथेनॉल मिळतं. त्या टाकीपुढच्या पंपाचं सील गळत होतं. सोमवारी मी याच रजिस्टरमध्ये तशी नोंद केली, भाऊजींना तोंडीही सांगितलं. "शनिवारी पंप बंद करू," ते म्हणाले.

गुरुवारी भर दुपारी सांडलेल्या इथेनॉलने पेट घेतला. त्याची ज्वाळा उन्हात दिसत नाही. धूर नाही, काजळी नाही. बाबा झडप बंद करायला चालत गेले ते थेट आगीत. मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून पाहत होते. त्यांच्याभोवती काहीच नव्हतं आणि ते दोन्ही हातांनी अंग झटकत होते. मला वाटलं, मधमाश्या उठल्या.

भाऊजींनी अहवालात लिहिलं, मृताने सिगारेट पेटवली. तुझ्या बाबांनी जन्मात सिगारेट ओढली नव्हती. माझ्यापुढे कागद ठेवून भाऊजी म्हणाले, "सही केलीस तर नोकरी राहील, कंपनीची खोली राहील. तो काही परत येत नाही." तू चार वर्षांची होतीस. मी सही केली. पुढे तू विचारायचीस, "बाबांना एवढंही कळत नव्हतं का?" मी भांडी आवरायला उठायचे. कळत होतं, बाळा. चूक त्यांची नव्हती.

५. त्याच रजिस्टरमध्ये ओढ्याच्या पाण्याच्या नोंदी आहेत. एक लिटर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर काळपट, आंबट सांडपाणी निघतं. ते ओढ्यात गेलं की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. जोराचा पाऊस आला की आमचे लोक हळूच ते सोडून देत, आणि दुसऱ्या दिवशी मासे पोटं वर करून तरंगत. फाटकावर 'स्वच्छ इंधन' लिहिलंय. गाडीत ते पेट्रोलपेक्षा स्वच्छ जळतं, हे मी नाकारत नाही. पण ओढ्याकाठच्या लोकांना अर्धंच सांगितलं गेलं. या पानांच्या प्रती त्यांना द्याव्यात.

६. इथवर लिहिलं आणि भाऊजी पुन्हा दारात. वकीलबाई म्हणाल्या होत्या, ज्याला काही मिळत नाही असा साक्षीदार घ्या. त्या हिशेबाने यांच्याइतका पात्र माणूस नाही. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. चौथं कलम त्यांनी दोनदा वाचलं.

"हे कळल्यावर पोरगी माझं तोंड बघणार नाही."

"माझंही," मी म्हणाले. "तरी देणार आहे."

कागद त्यांच्या हातात होता आणि गॅस हाताशी. त्यांनी पेन मागितलं.

ठिकाण: राहतं घर. तीन मार्च, मंगळवार, सकाळी अकरा.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिली: शेजारीण, व्यवसाय शिवणकाम. (सही)

साक्षीदार दुसरा: थोरला दीर. (सही, खाली त्यांच्याच अक्षरात) सही माझ्यासमोर झाली. सील गळतंय हे हिने मला सोमवारीच सांगितलं होतं. सिगारेट मी लिहिली.