चौथा भाग कधी येणार?

१ मार्च, मंगळवार

डावा पाय प्लास्टरमध्ये. गुडघ्यापर्यंत. सहा आठवडे. चूक सर्वस्वी भाड्याच्या मोटरसायकलवाल्याची. मी नुसता मागे बसून त्याला रस्ता समजावत होतो. त्याने मान वळवून ऐकायची काही गरज नव्हती.

हरकत नाही. चौतीस वर्षं कानोच्या शाळेत नायजेरियाचा भूगोल शिकवला, आख्खी गल्ली मला माळम म्हणते, म्हणजे गुरुजी. असल्या माणसाला खाटेची भीती नसते. ‘कानोच्या नद्या’ हे पुस्तक आठ वर्षं डोक्यात आहे. सहा आठवडे, सहा प्रकरणं. गणित बसतं.

बायकोला, रकियाला म्हटलं, धीर धरणारा दगड शिजवून त्याचा रस्सा पितो. ती म्हणाली, प्या की, पण लाकडं तुमची तुम्ही आणा.

संकल्प: रोज चार पानं. चिडायचं नाही. मुलगी असाबे बाजारातून आणते त्या पातळ प्रेमकहाण्यांकडे ढुंकून बघायचं नाही.

३ मार्च

पानं: शून्य. वहीच्या रेघा फार जवळजवळ आहेत.

शाळेतून आली की संध्याकाळी असाबे अंगणात बसून आईला वाचून दाखवते. रकियाला अक्षर येत नाही. (मी शिकवणार होतो. १९७९ पासून राहून गेलंय.) माझी खाट दाराशी, आणि कानाला झाकण नसतं. कहाणीचं नाव ‘मेहंदी वाळायच्या आत’. लिहिणारी कुणी हाजिया तबावा. मैमुना नावाची मुलगी, दौदा नावाचा ट्रक ड्रायव्हर. थिल्लर. अशानेच पोरी बिघडतात.

ट्रक कानोहून मैदुगुरीला निघाला आणि वाटेत झारिया लागलं म्हणे! झारिया साफ उलट्या दिशेला. मी खाटेवरून ओरडून सांगितलं. असाबे म्हणाली, बाबा, तुम्ही ऐकताय होय? म्हटलं, ऐकत नाहीये, चुका काढतोय.

५ मार्च, शनिवार

पहिला भाग संपला. भूगोलाच्या एकूण तीन चुका. जबाबदार माणसाने पुढचे भागही तपासायला हवेत. असाबे शाळेत गेली की तपासतो.

८ मार्च

दुसरा आणि तिसरा भाग तपासून झाले. सकाळी सुरुवात केली, बाजरीच्या पेजेची, कोकोची वाटी तशीच गार झाली, तिच्यावर साय धरली.

तिसऱ्या भागाचं शेवटचं पान: दारात दौदाचा ट्रक, इंजिन चालू. आत मैमुना, बंद खोलीत. मधे तिचा बाप, धान्याचा व्यापारी अलहाजी तुकुर. हातात किल्ली. संपलं.

हे काय वागणं झालं?

चौथा भाग शुक्रवारी येणार, असं असाबे म्हणाली. तिला पुस्तकवाल्या हबिबूने सांगितलं. मी म्हटलं, येईल तेव्हा येईल. मला काय.

११ मार्च, शुक्रवार

आला नाही.

१२ मार्च

आला नाही. ‘कानोच्या नद्या’चं नाव ‘कानोच्या मुख्य नद्या’ केलं. एवढं काम झालं.

१५ मार्च

हबिबूला बोलावून घेतलं. निमित्त: नकाशा हवा.

हबिबूचा बाजारात पुस्तकांचा ठेला आहे. दीड वर्षापूर्वी कोलाच्या बियांची टोपली घेऊन तो आमच्याकडे असाबेला मागणी घालायला आला होता. असाबेचा नवरा लग्नानंतर दहाव्या महिन्यात तापाने गेला, तेव्हापासून ती इथेच असते, राहिलेली शाळाही पुन्हा सुरू केली. हबिबू बरा मुलगा आहे. पण ठेल्याला पक्कं छत नाही. मी म्हटलं, पाऊस जाऊ दे. पाऊस गेला. मग म्हटलं, तिच्या शाळेच्या परीक्षा होऊ देत. झाल्या. मग धूळवारे सुरू झाले, धूळवाऱ्यात कुणी लग्न करतं का? आता पाय.

आज त्याला सहज विचारलं, की चौथ्या भागाचं कुठवर आलं. तो म्हणाला, हाजियाबाईंनी शेवटची प्रकरणं छापखान्यात दिलीच नाहीत अजून, धीर धरा माळम. मी म्हटलं, लोकांना असं टांगून ठेवणं बरं नव्हे. तो खाली बघत म्हणाला, बरं नाहीच माळम. मग म्हणाला, माझं ते कसं करायचं? एक वर्ष सात महिने झाले.

मी त्याला समजावलं, की नदीला एक वळण घ्यायला हजारो वर्षं लागतात.

तो नकाशा ठेवून गेला. नकाशा कॅमेरूनचा होता.

२० मार्च, रविवार

जेवताना न राहवून बोललो. म्हटलं, या अलहाजी तुकुरसारख्या बापाला गाढवावर उलटं बसवून बाजारातून फिरवलं पाहिजे. पोरगी जन्मभर घरात कोंडून ठेवणार का हा? कसली भीती वाटते याला? दौदाचं काय वाईट आहे?

रकियाचा हात ताटातल्या तुवोच्या, शिजवलेल्या पिठाच्या गोळ्यावर तसाच थांबला. असाबे उठून शेळ्यांना पाणी द्यायला गेली. शेळ्यांना पाणी आधीच दिलेलं होतं.

बायका कहाण्या फार मनाला लावून घेतात.

२४ मार्च

उकाडा. वीज सकाळपासून नाही. पाय प्लास्टरच्या आत असा खाजतो, की केरसुणीची काडी खुपसावी लागते. काडी मोडली. अर्धी आत राहिली. कुणाला सांगितलं नाही.

दारातून दिसतं ते: निम्मं अंगण, शेळ्यांचा खुंटा, भिंतीवर सतरा भेगा. एक भेग हुबेहूब नायजर नदीसारखी आहे. बाकीच्या कशाहीसारख्या नाहीत. मैमुनाला निदान खिडकी तरी होती.

संकल्प: चौथ्या भागाचा विषय काढायचा नाही.

सकाळी दोनदा, दुपारी एकदा काढला. रकिया म्हणाली, अहो माळम, पोटुशी बाईसुद्धा एवढी वाट बघत नाही.

२६ मार्च

हाजिया तबावांना पत्र लिहिलं. आठ पानं. (लिहिता येत नाही असं कोण म्हणतं?) वाचकांबद्दल लेखकाचं कर्तव्य, झारियाची दिशा, तुकुरचा निषेध. असाबेच्या हाती पाठवलं.

३१ मार्च

उत्तर नाही. माणसाने माणसाला उत्तर द्यायला एवढा वेळ लावावा? असाबेला हेच म्हटलं. ती म्हणाली, बाबा, काही लोक लावतात. आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. पत्र उशिरा पोचवलं म्हणून तिलाच अपराधी वाटत असावं. मी मनात माफ केलं.

२ एप्रिल, शनिवार

आज धाडस केलं. रकिया शेजारी गेली होती, असाबे बाजारात. कुबडी घेतली, मोटरसायकल थांबवली, थेट हाजियाबाईंचं घर गाठलं.

देवडीत चटईवर बसवलं. बाई आतल्या पडद्यामागून बोलल्या. आवाज थकलेला, खोकला. आठ पानांचे माळम तुम्हीच का, असं विचारलं. मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, झारियाचं बरोबर आहे तुमचं, लाज वाटली मला.

मग म्हणाल्या, चार महिने झाले, मी त्या दारापाशी अडकलेय. जो येतो तो मैमुनाचं विचारतो, दौदाचं विचारतो. तुकुरला कुणी विचारत नाही. मला स्वतःलाच कळत नाही, की हा माणूस दार का उघडत नाही. तो दुष्ट आहे असं लिहिलं की पान खोटं वाटतं, फाडून टाकते.

मी म्हटलं, यात न कळण्यासारखं काय आहे? त्याने आधी कधीतरी एकदा घाई केली असणार. एक पोरगी चटकन देऊन टाकली असणार, ढोल वाजवले असणार, आणि वर्षाच्या आत ती पांढऱ्या कपड्यात एक ट्रंक घेऊन परत दारात उभी राहिली असणार. त्या दिवशी दार त्यानेच उघडलं होतं. आता कडीला हात लावला की त्याला तो दिवस दिसतो. शिवाय ती आली आणि घर पुन्हा घर झालं. सकाळचा कोको, संध्याकाळचा तिचा आवाज. ती गेली की अंगणात उरणार कोण? दोन म्हातारी माणसं, आणि एकमेकांशी बोलायचं विसरून त्यांना वीस वर्षं झालेली.

बराच वेळ बोललो. मला शिकवायची सवय आहे.

मग बाईंनी विचारलं, माळम, तुम्हाला मुलगी आहे का? म्हटलं, आहे, पण त्याचा इथे काही संबंध नाही. बाई म्हणाल्या, नाही, नाही, संबंध कसला. आणि मला वाडगाभर फुरा, ताकात कालवलेले बाजरीचे गोळे, प्यायला पाठवला.

परतताना कुबडी गटाराच्या फटीत अडकली. पडलो. प्लास्टरचे दोन तुकडे. डॉक्टरांना आत केरसुणीची काडी सापडली. नवं प्लास्टर. आणखी पाच आठवडे. डॉक्टरांचा स्वभाव चेष्टेखोर आहे.

४ एप्रिल

थोरले बंधू गंबोदादा येऊन तासभर ओरडून गेले. माझी कुबडी रकियाने स्वतःच्या खोलीत ठेवली आहे. मागितल्याशिवाय मिळणार नाही. मागितली तरी मिळत नाही.

१६ एप्रिल

हबिबू आला. बातमी: चौथा भाग छापायला गेला! बाईंनी सगळं पुन्हा लिहिलं म्हणे. मी खाटेवर उठून बसलो.

विशेष म्हणजे त्याने स्वतःचा विषय काढलाच नाही. शेवटी धीर शिकला पोरगा. जाताना आत रकियाशी काहीतरी बोलत उभा होता. नकाशाबद्दल असावं.

२५ एप्रिल

घरात काहीतरी शिजतंय. शेजारच्या बायका येतात, मला बघितलं की गप्प होतात. बाजरीची तीन पोती आली. गंबोदादा दोनदा येऊन गेले आणि दोन्ही वेळा ओरडले नाहीत.

३० एप्रिल, शनिवार

कळलं! सात तारखेला माझं प्लास्टर निघतं. ही मंडळी मला न सांगता मेजवानी करताहेत. पायाची सुटका! रकिया असं काही करेल असं वाटलं नव्हतं. असाबेच्या हातांना मेहंदीसुद्धा लागणार, हे चुकून कानावर आलं. बापावरचं प्रेम.

मला काही कळलेलं नाही असंच दाखवायचं ठरवलंय. आभाराचं छोटं भाषण तयार केलं. चार पानं.

७ मे, शनिवार, संध्याकाळी

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी प्लास्टर निघालं. आतला पाय माझा वाटेना, वाळक्या काठीसारखा. घरी आलो तर अंगण माणसांनी भरलेलं, ढोलवाले, टोपल्याच टोपल्या. मी भाषण सुरू केलं. एका सामान्य शिक्षकाच्या पायासाठी तुम्ही एवढी माणसं, असं म्हटलं. कुणी हसलं नाही. मागे एक बाई हसली.

गंबोदादा मला नावाने हाक मारून म्हणाले, लबारन, पाय बरा झाला ना? मग आता खाली बस. इमाम देवडीत बसलेत, हबिबूची माणसं आलीत. आज तुझ्या मुलीचं लग्न आहे. बाप तू आहेस, शब्द तुझा लागतो. हो म्हण, किंवा या सगळ्यांसमोर नाही म्हण. पण आता थांबा म्हणू नकोस.

मी म्हटलं, आधी मुलीशी बोलतो.

असाबे आतल्या खोलीत होती. मी सुरुवात केली, की पाऊस तोंडावर आलाय, त्याच्या ठेल्याचं छत अजून... ती म्हणाली, बाबा, तुम्ही थांब म्हणालात, मी थांबले. छताचं सांगा, पावसाचं सांगा, सगळं सांगून होऊ दे. मी बसलेय.

मी सांगितलं. छत, पाऊस, परीक्षा, धूळ, पाय. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. ती अजून बसलेलीच होती. म्हणाली, पहिला गेला तो तापाने गेला, बाबा. तुमच्यामुळे नाही.

बाहेर आलो आणि हो म्हणालो. आवाज नीट फुटला नाही, धुळीमुळे. गंबोदादा म्हणाले, मोठ्याने. मोठ्याने म्हणालो.

दुपारनंतर तिला घेऊन गेले. निघताना हबिबूने माझ्या हातात नवं कोरं पुस्तक ठेवलं. चौथा भाग. शाई अजून बोटाला लागत होती. म्हणाला, कानोतली पहिली प्रत आहे, माळम.

उघडलं नाही. दमलो होतो.

९ मे, सोमवार, दुपारी ४

वाचून दाखवायला आता मीच. रकिया समोर शेंगा सोलत बसली. दोन पानं झाल्यावर म्हणाली, तुम्ही नद्यांची यादी वाचल्यासारखं वाचता. हळू वाचायला लागलो.

अकराव्या पानावर तुकुर बोलायला लागतो. दाराला पाठ लावून, किल्ली हातात. पूर्वीच्या घाईचं. पांढऱ्या कपड्यात परत आलेल्या थोरल्या मुलीचं. सकाळच्या कोकोचं, संध्याकाळच्या आवाजाचं, अंगणातल्या दोन म्हाताऱ्यांचं. शेवटी तो म्हणतो, मला फक्त पोरीची काळजी होती.

रकियाचे हात थांबले होते. तिने विचारलं, हाजियाबाईंना हे कुणी सांगितलं असेल? म्हटलं, लेखक काय, कल्पनेने लिहितात.

ती म्हणाली, सगळं खरं लिहिलंय हो. फक्त शेवटी तो खोटं बोलतो. काळजी पोरीची नव्हती. त्याची त्यालाच होती.

आणि ती पुन्हा शेंगा सोलायला लागली.

यावर उत्तर आहे. नक्की आहे. लिहून ठेवावं म्हणून वही उघडली.

४:५०

आठवत नाही.