बिनमुठीची कपाटं

स्किप्टन, ९ ऑक्टोबर

ती. एनिडताईस,
धाकट्या क्लिफर्डचा सादर नमस्कार.

तुझा गुडघा काय म्हणतो? व्हिटबीच्या समुद्रावरून येणारं वारं त्याला सोसत नाही, हे मी गेली दहा वर्षं सांगतो आहे, पण माझं ऐकतंय कोण! फेब्रुवारीत तुझ्या वाढदिवसाला सर्दीमुळे येता आलं नाही, ते मनात ठेवू नकोस. तू नाताळात विणून दिलेला स्वेटर आत्ताही अंगात आहे. (त्याचे खिसे काय खोल आहेत गं! चष्मा, पेन्सिल, मोजपट्टी आणि अर्धं बिस्किट, सगळं मावतं.) बाकी आमच्याकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणशील तर आमचं नवं स्वयंपाकघर ठरतंय आणि माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

चूक माझीच. बेचाळीस वर्षं ग्लेनिसनं त्याच जुन्या ओट्यावर संसार रेटला, कधी हूं की चूं केलं नाही. म्हणून मी म्हणालो, या वेळी सगळं तुझ्या मनासारखं होईल. मग दुकानातून आराखडे काढणारी इमोजेन नावाची मुलगी आली. तिनं कपाटांची शेकर पद्धतीची दारं दाखवली. मधे साधी सपाट फळी, भोवती चौकट, नक्षीबिक्षी काही नाही. इथवर माझी काही हरकत नव्हती. मग ती हसून म्हणाली, "आणि मुठी नाहीतच!" दाराच्या वरच्या कडेला मागून एक पन्हळ कोरलेली असते म्हणे, तिच्यात बोटं खुपसायची आणि ओढायचं. मी ग्लेनिसकडे पाहिलं, ग्लेनिसनं माझ्याकडे पाहिलं. "किती छान!" ग्लेनिस म्हणाली. मग मी काय बोलणार? "फारच छान," म्हणालो. (पाहुणी आपल्या खुर्चीत बसलेली, हातात आपल्याच घरचा चहा. अशा वेळी तोंडावर 'नको' म्हणायला आपण काय रानात वाढलो?)

तेव्हापासून जिवाला चैन नाही. लायब्ररीतून पुस्तक आणलं. शेकर म्हणजे ते आपल्याच मँचेस्टरहून अमेरिकेला गेलेले देवभोळे लोक. नटणंमुरडणं त्यांना वर्ज्य, पण पुस्तकातल्या एकूण एक खणाला गोल लाकडी मूठ आहे! त्या साध्यासुध्या माणसांना जी मूठ पाप वाटली नाही, ती या इमोजेनला का खुपते? मी ते चित्र ग्लेनिसला दाखवलं, तर म्हणते, "त्यांच्याकडे कुठे डिशवॉशर होता?" याला काही उत्तर आहे का, तूच सांग.

नमुन्याचं एक दार इमोजेन पंधरा दिवसांसाठी ठेवून गेली आहे. ते किटलीशेजारी उभं असतं आणि मी त्याच्याकडे बघून जळफळतो. दोन दिवसांत त्या पन्हळीत टोस्टचा चुरा साठला, तिसऱ्या दिवशी मार्मालेड. सुरीच्या टोकानं उकरून काढावं लागलं. मी ग्लेनिसला विचारलं, भांडी पुसायचा फडका टांगायचा कुठे? आपल्या आईच्या काळापासून तो खणाच्या मुठीवर टांगला जातो. तर म्हणे, "खांद्यावर टाक, क्लिफर्ड. सवय होईल." आता मी म्हातारपणी खांद्यावर फडका टाकून हिंडू?

पण फडक्याचं मरू दे. ताई, ग्लेनिसची बोटं हल्ली सकाळी आखडलेली असतात. परवा मी दाराआडून पाहिलं, त्या पन्हळीत बोटं घालताना तिनं ओठ घट्ट दाबून घेतले. विचारलं तर "कुठे काय?" म्हणाली. मूठ असली तर मनगट अडकवून तरी ओढता येतं. आणि तरीही ही बाई 'किती छान' सोडायला तयार नाही! शुक्रवारी सही करायची आहे. त्यानंतर दारं कापायला जातील आणि मग काही बदलता येणार नाही. वचन दिलंय, त्यामुळे माझ्या तोंडाला कुलूप आहे.

तुझा धाकटा भाऊ,
क्लिफर्ड

ता. क. तू शुक्रवारच्या आत ग्लेनिसला फोन कर आणि मुठीच बऱ्या, असं आपणहून सुचल्यासारखं सांग. तुझं ती ऐकते.

ता. क. २. मी लिहिलंय हे तिला कळता कामा नये. पत्र माझ्याच खिशात आहे आणि मी स्वतः पोस्टाच्या पेटीत टाकणार आहे, तेव्हा काळजी नको.

ता. क. ३. एनिडताई, मी ग्लेनिस. पत्र पेटीपर्यंत पोचलंच नाही. आज सकाळी याचा खिसा परत खणाच्या मुठीला अडकून टर्रकन फाटला आणि पाकीट माझ्या पायाशी पडलं. फेब्रुवारीत याला सर्दीबिर्दी काही झाली नव्हती हो. असाच खिसा अडकून भरल्या किटलीसकट पडला, दोन बरगड्यांना चीर गेली. तुमच्या स्वेटरला बोल लागेल म्हणून यानं मला तुम्हाला सांगू दिलं नाही. तेव्हापासून प्रत्येक मूठ मला वैरीण वाटते, म्हणून 'किती छान' म्हणाले. नाहीतर मला ती पन्हळ डोळ्यांसमोर नको. तुमच्या पाया पडते, या नाताळात स्वेटर विणा, पण बिनखिशाचा. तेवढं फोनवर कबूल करा, की मी शुक्रवारी इमोजेनला मुठी लावायला सांगते.