दुपारी तीनची क्रमवारी

४ मार्च, मंगळवार
माझ्या हातचं: हे टेबल, ही खुर्ची (एक पाय अजून अर्धं सूत कमी), बाहेरचं लोखंडी दार. आणि शहरातल्या सगळ्या रेस्टॉरंटांचा हिशेब ठेवणारे तीन प्रोग्रॅम. पहिला बुकिंगं मोजतो, दुसरा प्रत्यक्ष आलेली माणसं, तिसरा दुपारी तीनच्या ठोक्याला क्रमवारी लावतो. ती मोबाइलवर पाहूनच लोक संध्याकाळी कुठे जेवायचं ते ठरवतात. कॉलेजचं तोंड न पाहता लिहिलेत! दोन वर्षांपूर्वी मोठ्या कंपनीला विकले, तरी लेकरं माझीच.
आज ताईचा फोन. तिचं आणि दाजींचं नऊ टेबलांचं रेस्टॉरंट. "अरे, आम्ही सातवे होतो ना? आज एक्क्याण्णव!"

६ मार्च, गुरुवार
दाजींकडे बसून सगळं तपासलं. जुन्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर बुकिंग जमत नाही. ती फोन करतात. पूर्वी दाजी वहीत लिहून ठेवायचे. वही सोडा, सगळं मोबाइलवर घ्या, हा आग्रह माझाच. म्हणून महिनाभर ते स्वतःच्या नंबरावरून सगळ्यांची टेबलं धरत होते. दिवसाला पाच-सहा.
एका नंबरावरून महिनाभर दिवसाला तीनपेक्षा जास्त, तर माणसं आलेली असली तरी बुकिंगं खोटी धरायची आणि त्या रेस्टॉरंटाला वर्षभर खाली ठेवायचं — हा नियमही माझाच. लबाडांसाठी लिहिला होता. वर्षभर!
"म्हणजे मेव्हण्यानंच पकडलं म्हणायचं!" दाजी हसले. मला हसू येईना.

१० मार्च, सोमवार
कंपनीत जाऊन आलो. समोरची मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. "काका, तुमचा प्रोग्रॅम दोन वर्षांत एकदाही अडखळला नाही. चालतंय त्याला कुणी हात लावत नाही." — स्तुतीच ती! एकच ओळ बदलायची आहे म्हटलं. कितवी तेही सांगितलं. "पण तुम्हाला आता आत जाता येत नाही ना, काका." चहा मात्र पाजला.

१७ मार्च, सोमवार
तीन वाजता पाहिलं. चौऱ्याण्णव.

२६ मार्च, बुधवार
आचाऱ्यानं दुसरीकडे काम धरलं. जागामालक म्हणतो, तीन महिन्यांचं भाडं आधी ठेवा, नाहीतर जागा सोडा. काल संध्याकाळी नऊपैकी दोन टेबलं भरलेली. तिसऱ्यावर मी जाऊन बसलो. एकटाच. निघताना पैसे ठेवले तर ताई ओरडली, "वेडा आहेस का रे?"
एका माणसानं क्रमवारी हलत नाही. मला नाही कळणार तर कुणाला!

३१ मार्च, सोमवार
ताईनं किल्ल्या जागामालकाला दिल्या. दाजी खुर्च्या मोजत राहिले, उगाचच. रस्त्यात ताई म्हणाली, "तुझ्या हातात असतं तर तू केलंच असतंस. मला माहीत नाही का?"
मी मान डोलावली.

२ एप्रिल, बुधवार
विक्रीच्या वेळी कंपनीनं विचारलं होतं — इथेच राहा, तिन्ही प्रोग्रॅम तुमच्याच ताब्यात ठेवतो. 'मी कुणाच्या हाताखाली काम करत नाही,' म्हणालो. महिना एक लाख साठ हजार देत होते.