लाल रेघ

४ फेब्रुवारी १९९९, सेलू
आज मुक्कामी आलो. चंद्रभानजींच्या घराची पुढची खोली मिळाली, कॉम्प्युटरही मावला. त्यांच्या पत्नी देवकाबाईंनी गोळाभात वाढला, वरून फोडणीचं तेल. काम आवडीचं आहे: उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीखालच्या पाण्याचा नकाशा करायचा. या चित्रांत हिरवळ लाल दिसते. पडदा बघून चंद्रभानजी म्हणाले, "साहेब, आमचं वावर पेटून राह्यलं काय?" दोघंही खूप हसलो.

२० फेब्रुवारी
चंद्रभानजींच्या वावरातून एक सरळ लाल रेघ जाते. खडकातली भेग असणार. भेगेत ओल, म्हणून वर झाडं. बांधाजवळ तिला दुसरी भेग छेदते. तिथे विहिरीसाठी 'उत्तम' लिहिलं. जागेवर जाऊन खात्री करायची असते, पण नकाशा उद्या वर्ध्याच्या ऑफिसात द्यायचाय.

११ मार्च
नकाशा बघून चंद्रभानजींनी तिथेच विहीर खणायला घेतलीय, स्वतः आत उतरतात. आज पहिल्यांदा वावरात गेलो. ती रेघ म्हणजे पांदण आहे. बैलगाड्यांची जुनी वाट, दोन्ही अंगांना बाभळी. भेग नाहीच. विहीर कोरडी, तळाला काळा पाषाण. आतून त्यांनी विचारलं, "साहेब, आनखी किती?"
सांगणार होतो. पण काठावर देवकाबाई होत्या, शेजारी होते. म्हणालो, थोडंच.

१९ मार्च
विहिरीच्या वरचा मुरूम ढासळला. चंद्रभानजी गेले.
देवकाबाई म्हणाल्या, तुमचा नकाशा बरोबरच होता, आमचं नशीब खोटं.

२ एप्रिल
नकाशातली रेघ पुसली. जेवून आलो तर परत होती. वावर ओलांडून गावात शिरलेली, या घरापर्यंत.

५ एप्रिल
भर दुपारी फरशीखाली टिकावाचा आवाज. थांबतो. पुन्हा सुरू —
मी म्हणालो, उंदीर असतील. देवकाबाईंनी फरशीला कान लावला. मग विचारलं, "साहेब, आमचे हे घरात काऊन खंदून राह्यले?"
उत्तर माझ्यापाशी होतं.

७ एप्रिल
नकाशात 'उत्तम' आता माझ्या खोलीवर. मी लिहिलेलं नाही. उद्या देवकाबाईंना सांगायचंच. पांदण होती, मला माहीत होतं — एवढंच तर —

८ एप्रिल
देवकाबाई दारात उभ्या आहेत. सांगायला तोंड उघडलं आणि फरशी हलली. खालून आवाज, दमलेला, नेहमीच्याच आदराने —
"साहेब, आनखी किती?"
त्या माझ्याकडे बघताहेत. खरं बोललो तर चंद्रभानजी थांबतील. बोलायला हवं —
म्हणालो, थोडंच, अजून थो—