तिसरं वाचन

प्रिय बाबा,

तुमच्या गुडघ्याचं ताईने फोनवर सांगितलं. जिना चढू नका म्हटलं की तुम्ही मुद्दाम दोनदा चढता, म्हणून काही म्हणत नाही. मी बरी आहे. खोलीतला नळ अजून गळतोच आहे.

तुम्ही विचारलं होतंत, उच्च न्यायालय कसं असतं. तुम्ही जन्मभर स्टेनो होतात त्या खालच्या कोर्टात एक न्यायाधीश, एक खोली, एक पंखा. इथे कोणी काय ऐकायचं, कोणी एकट्याने बसायचं आणि कोणी जोडीने, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. तसा तक्ता लागतो, आणि तो बदलला की सगळी कोर्टं पत्त्यांसारखी पिसली जातात. मी जोडीच्या कोर्टात स्टेनो आहे. ज्येष्ठ न्यायमूर्तींना आम्ही मोठे साहेब म्हणतो आणि दुसऱ्यांना धाकटे साहेब, जरी धाकट्यांचेच केस जास्त पांढरे असले तरी.

आमच्याकडे एका परिचारिकेचं अपील होतं. चुकीचं इंजेक्शन दिल्याचा ठपका ठेवून तिला अकरा वर्षांपूर्वी कामावरून काढलं. एकट्या न्यायमूर्तींपुढे ती हरली, म्हणून दोघांपुढे आली. दर तारखेला व्हरांड्यातल्या शेवटच्या बाकावर बसायची, मांडीवर पिशवी, पिशवीत इस्त्री केलेला जुना गणवेश. मी म्हटलं, हा कशाला आणता? तर म्हणाली, “अगं, लगेच रुजू व्हा म्हणाले तर?” आणि स्वतःच हसली. तिच्या निवृत्तीला आठ महिने उरलेत.

मोठ्या साहेबांनी निकाल सांगितला, मी उतरवून घेतला. बावीस पानं. त्यात काय होतं ते तुम्हालाही सांगायची परवानगी नाही. एवढंच, की त्या दुपारी मी बऱ्याच दिवसांनी डबा पूर्ण संपवला.

गुरुवारी साहेबांनी विचारलं, “झालं का? उद्या सकाळी वाचून टाकू, दोघं सह्या करू.” दोन वाचनं झाली होती. मी म्हटलं, “साहेब, एकदा शेवटची नजर टाकते.” ते हसले. “तुझ्या वडिलांनी छळलेलं दिसतंय तुला लहानपणी. बरं, सोमवारी दे.”

छळलंत कुठे? जेवणाच्या टेबलावर घड्याळ ठेवून तुम्ही वर्तमानपत्र वाचायचात आणि मी उतरवायची. आई म्हणायची, पोरीला आधी नीट घास तरी गिळू द्या. लिहून झालं की तीन वाचनं. पहिलं कानासाठी, दुसरं डोळ्यांसाठी, तिसरं त्या माणसासाठी, ज्याचं नाव त्या कागदावर आहे.

शुक्रवारी दुपारी, कोर्ट उठल्यावर, मोठ्या साहेबांच्या बदलीचा आदेश आला. दुसऱ्या राज्याचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून. हारतुरे झाले, पेढ्यांचा बॉक्स फिरला, संध्याकाळी ते इथला पदभार सोडून मोकळे झाले. न वाचलेला, सही नसलेला निकाल म्हणजे निकालच नव्हे, हे तुम्हाला मी काय सांगायचं! सोमवारी फाइल कार्यालयात परत गेली. नवी जोडी, पुन्हा पहिल्यापासून सुनावणी. मसुदा नष्ट करायला सांगितलं. बावीस पानं मीच यंत्रात घातली, एकेक करून.

प्रबंधकांना जाऊन सांगितलं, मी सोमवारपर्यंत थांबवलं म्हणून निकाल राहिला. ते म्हणाले, “बदल्या काय तुला विचारून होतात? जा, काम कर.” कोणी रागावतच नाही, बाबा.

ती मंगळवारी आली होती. माझा चेहरा बघून तिला वाटलं, मला बरं नाही. कपाळाला हात लावून म्हणाली, “ताप नाही. पाणी पी.” तिच्याच बाटलीतलं पाणी मी प्यायले. आणि म्हटलं, नवी तारीख लागेल.

तिसऱ्या वाचनात एकही चूक निघाली नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहायला बसले होते. पण खरं कारण तेही नाही. काल नव्या साहेबांनी तिच्याच अपिलात आदेश सांगितला. चार ओळी, पुढच्या वर्षीची तारीख. खाली शिपाई कागदासाठी ताटकळत उभा होता, तरी मी तो तीनदा वाचला. थांबताच येईना. शिकवलंत तुम्ही, तेव्हा कुठे थांबायचं तेही तुम्हीच सांगा. उत्तर लवकर पाठवा, आणि बाबा, एकदाच वाचून पाठवा.

तुमचीच,
धाकटी